सेहेचाळीस नंबरचा दात

पत्र आलं तेव्हा तिच्या तोंडात चार टाचण्या होत्या, म्हणून ओरडता आलं नाही. समोर स्टुलावर एक गिऱ्हाईक उभं होतं, नव्या पँटचे पाय आखूड करून घ्यायला. तिने एकेक टाचणी तोंडातून काढून पँटला लावली, गिऱ्हाइकाला खाली उतरायला सांगितलं आणि मग कात्रीच्या टोकाने पाकीट फोडलं.

आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. कारण : कौटुंबिक उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त.

किती जास्त तेही खाली टाइप केलं होतं. साडेचारशे. महिन्याला नव्हे, वर्षाला साडेचारशे! एवढ्यात मोठ्या माणसाचा एक बरा कोटसुद्धा येत नाही. तिने पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचायला घेतलं, आणि तिच्या लक्षात आलं की हे साडेचारशे सरकारने नाही, तिनेच स्वतःच्या हाताने लिहिले होते.

कपडे धुण्याच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत तिचं मशीन होतं. नवे कपडे ती शिवत नसे. लोकांचे शिवून झालेले कपडे सैल करायचे, घट्ट करायचे, आखूड करायचे, फाटलेलं अस्तर बदलायचं, कोटांच्या बसलेल्या खांद्यांत कापूस भरायचा, हे तिचं काम. वीस वर्षं उसवण्यात आणि शिवण्यात गेली होती. ह्या कामात एक गोष्ट हाडीमाशी भिनते. शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवायचं, माया सोडायची. माणूस जाड होतो, पोर उंच होतं, धुण्यात कापड आटतं. जास्त असेल तर कापता येतं, कमी पडलं तर हात चोळत बसावं लागतं. त्यामुळे अंदाज म्हटलं की तिचा हात आपोआप बोटभर पुढे सरकायचा. भाजी घेताना, बस पकडायला निघताना, पाहुण्यांना जेवायला वाढताना. आणि अर्जावर लिहिलं होतं, ‘अंदाजे वार्षिक उत्पन्न’.

नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत होता. गल्लीत सगळे त्याला लिफ्टवाला म्हणत. त्याला कधी जादा पाळी मिळे, कधी मिळत नसे. हिला दुकानाचा मालक नगावर पैसे देई. सगळं धरून जो आकडा आला त्याला तिने बोटभर माया सोडली आणि लिहून टाकलं. उद्या कुणी म्हणायला नको, बाई, तुम्ही लपवलंत.

मुलांच्या दातांच्या खर्चासाठी सरकारने ही मदत काढली होती. बारा वर्षांच्या आतलं मूल, उत्पन्न ठरावीक आकड्याच्या आत, आणि उपचार सुरू करण्याआधी मंजुरी. एवढं जमलं की डॉक्टर परस्पर सरकारकडून पैसे घेणार, आईबापांनी खिशात हात घालायचा नाही. दवाखान्याच्या दारावर त्याची जाहिरात लावली होती. तिच्यातल्या पोराचे दात असे चकचकीत होते की ह्याला मदत कशाला हवी, असंच कुणालाही वाटावं.

मदत हवी होती ती ठकूला. ठकू नऊ वर्षांची, ह्यांची एकुलती एक, बोलायला बसली की आवरायची नाही अशी. तिच्या खालच्या उजव्या दाढेला खड्डा पडला होता. दुधाची असती तर पडून गेली असती. पण डॉक्टरबाईंनी आरशाने दाखवून सांगितलं होतं, “ही सहाव्या वर्षी येते ती दाढ. सेहेचाळीस नंबर. ही म्हातारपणापर्यंत पुरवायची असते. मुळाचं काम केलं तर वाचेल. तीन वेळा यावं लागेल. पण दोन महिन्यांच्या आत, फार तर अडीच. त्यानंतर काढून टाकण्याखेरीज इलाज नाही.”

मुळाच्या कामाचा खर्च त्यांनी कागदावर लिहून दिला होता. तो कागद लिफ्टवाल्याने घडी करून खिशात ठेवला. काढून टाकणं सरकारी दवाखान्यात फुकट होतं. म्हणजे दात पाडायला पैसे लागत नव्हते, ठेवायला लागत होते. ह्या एका गोष्टीवरून तिच्या डोक्यात जी तिडीक गेली होती ती अजून उतरलेली नव्हती.

आणि त्या अडीच महिन्यांतले तीन आठवडे ह्या पत्राने खाल्ले होते.

“जास्त कशाला लिहिलंस?” संध्याकाळी लिफ्टवाला म्हणाला. हातातलं ग्रीस तो चिंधीने पुसत होता आणि ते पुसलं जात नव्हतं.

“कशाला म्हणजे? तुमची जादा पाळी धरली.”

“जादा पाळी चार महिन्यांत एकदा लागलीय.”

“लागली असती तर? मग खोटं ठरलो असतो.”

“अगं, लोक कमी लिहितात! जगात सगळे कमी लिहितात! जास्त लिहून नामंजूर झालेलं आपलंच एक घर असेल!”

“हो ना, मीच मूर्ख! तुम्ही का नाही भरलात अर्ज मग? सही करायला तेवढे पुढे आलात.”

आवाज चढत गेले. ठकू पलंगावर बसून गृहपाठ करत होती. तिने वहीतून डोकं वर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस बुडवून ती कचेरीत गेली. दाराशी यंत्र होतं, बटण दाबलं की नंबर. तिचा एकशे अकरा. आत सत्तावन्न चालू होता. खुर्च्या लोखंडी, एकमेकींना जखडलेल्या, कोपऱ्यातल्या बाई हलल्या की सगळी रांग हलायची. तिने पिशवीतून काज करायचं एक ब्लाउज काढलं आणि नऊ काजं होईपर्यंत बसली.

खिडकीतले गृहस्थ वयस्क होते, कानावर पेन्सिल, चेहरा ना बरा ना वाईट. त्यांनी तिचं पत्र बघितलं, मग अर्ज बघितला.

“उत्पन्न तुम्हीच लिहिलंत ना?”

“हो, पण ते थोडं जास्त लिहिलं गेलं. खरं एवढं आहे.” तिने चिठ्ठी सरकवली.

“म्हणजे आधीचं खोटं?”

“खोटं नाही हो साहेब. अंदाज होता. अंदाजच विचारला होता तुम्ही.”

“आधी हा आकडा, आता हा. आणि आताचा बरोबर मर्यादेच्या आत बसणारा.” ते रागाने बोलत नव्हते, हेच जास्त लागलं. “मी काय समजायचं, बाई?”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला लबाड समजत होतं, आणि तेसुद्धा लबाड ठरायला नको म्हणून केलेल्या गोष्टीवरून. कान तापले. तिने मान खाली घातली.

“दोघांच्या मालकांचे दाखले आणा,” गृहस्थ म्हणाले. “मूळ प्रत. शिक्क्यासकट. मग दुरुस्ती होईल. तीन ते सहा आठवडे.”

“सहा? अहो, दात जाईल तिचा!”

त्यांनी अर्जावर बोट ठेवलं. “इथे त्रासाचं प्रमाण विचारलंय. सौम्य, मध्यम, तीव्र. तीव्र असतं तर आठ दिवसांत झालं असतं, तातडीच्या रांगेत. तुम्ही सौम्यवर खूण केलीय. सौम्य म्हणजे साधी रांग.”

ती खूण तिने ठकूला विचारून केली होती. किती दुखतं गं, विचारलं, तर ठकू म्हणाली होती, थोडंसं. त्या दिवशी घरी गेल्यावर तिने पुन्हा विचारलं. पोरीला समोर उभं करून, हनुवटी धरून.

“खरं सांग. फार दुखतं का?”

“नाही गं. थोडंसंच.”

“नक्की?”

“नक्की.”

तिला बरंसुद्धा वाटलं. पोरगी सोशिक आहे, रडूबाई नाही, असं तिने लिफ्टवाल्याला सांगितलंही. थोडंसं दुखत असताना तीव्र लिहायचं म्हणजे शुद्ध खोटं, आणि एकदा खोटं ठरून झालं होतं. तिने ती खूण तशीच राहू दिली.

दाखल्यांसाठी मात्र नाकी नऊ आले. लिफ्ट कंपनीतल्या माणसाने सांगितलं, दाखला सोमवारी मिळतो. सोमवारी सांगितलं, साहेब रजेवर आहेत. पुढच्या सोमवारी दाखला मिळाला, त्यावर शिक्का नव्हता. दुकानाच्या मालकाची तऱ्हाच वेगळी. नगावर पैसे देणाऱ्या माणसाला किती देतो ते कागदावर लिहायचं जिवावर येतं. “बघू, बघू” करत त्याने आठवडा काढला. तिने त्याच्यासमोर दातांच्या कण्या केल्या, आणि वर हसूनही दाखवलं, कारण महिनाअखेरीचा हिशेब त्याच्याच हातात होता. शेवटी एका दुपारी तिने मशीनवरचं पाऊलच उचललं.

“सही करा, नाहीतर हा लग्नाचा कोट असाच राहील. एक बाही आहे, एक नाही.”

मालकाने सही केली. करताना पुटपुटला, “दातासाठी एवढं!” तिने बाही जोडली, पण दोऱ्याला जरा जास्तच हिसका बसला.

दाखले देऊन झाले. मग वाट बघणं सुरू झालं. रोज दुकानातून घरी येताना ती पत्रपेटीत हात घालून तळापर्यंत चाचपायची. वीजबिल, कुणाच्या तरी दुकानाची जाहिरात, शेजाऱ्यांचं चुकून आलेलं पत्र. ठकू आताशा कमी बोलत होती, पण मुलं मोठी होताना गप्प होतात, असं कुणीतरी म्हणालं आणि तिने ते मान्य केलं. ठकू जेवायला वेळ लावत होती, तर ती म्हणायची, आटप लवकर, ताटावर झोपतेस की काय. हे नंतर आठवलं तेव्हा तिला स्वतःच्या जिभेचा राग आला.

तिसऱ्या आठवड्यात तिच्याकडचा कापूस कमी पडायला लागला. कोटाच्या खांद्यात भरायचा पांढरा, घट्ट कापूस, त्याची एक पिशवी ती घरी ठेवायची, कारण घाईची कामं घरी आणावी लागत. तिचा अंदाज कधी चुकायचा नाही. दोन कोटांचा कापूस होता आणि दीडच भरला. तिला वाटलं, शाळेत काहीतरी चिकटवाचिकटवी करायला ठकूने नेला असेल. पोरगी खाली खेळायला गेली होती. तिने दप्तर उघडलं, मग कंपास.

पट्टी आणि पेन्सिलीच्या खाली कापसाच्या गोळ्या होत्या. वाटाण्याएवढ्या, नीट वळलेल्या, एका ओळीत. आणि खोडरबराच्या खोक्यात वापरलेल्या. त्या पिवळ्या पडल्या होत्या, एकदोनांवर रक्त होतं. त्यांना वास येत होता.

ती खिडकीशी गेली आणि तिने ठकूला हाक मारली. अशी, की खालची सगळी मुलं वर बघायला लागली.

ठकूने आधी नाही म्हटलं, मग मान खाली घातली. “भोकात घातलं की वारा लागत नाही,” ती म्हणाली. “मग कमी दुखतं. तू कोटात भरतेस ना, तसं मी दाबून भरते. मला येतं.”

“कधीपासून?”

“तुम्ही भांडलात ना, तेव्हापासून.”

“मी विचारलं होतं तुला! हनुवटी धरून विचारलं होतं! थोडंसंच म्हणालीस!”

“मग काय सांगू? जास्त म्हटलं की तुम्ही परत भांडणार.” आणि मग अगदी समजूतदारपणे म्हणाली, “आणि तूच म्हणतेस, आपण उगाच वाढवून मागायचं नाही.”

हे ती म्हणत असे. बाजारात, शाळेत, नातेवाइकांकडे. तिला वाटायचं, पोरीला चांगलं वळण लावतोय. तिने पोरीचं डोकं पोटाशी धरलं, आणि मग रागाने तिला जे रडू फुटलं ते ठकूलाच शांत करावं लागलं.

डॉक्टरबाईंनी फोटो काढला, दिव्यासमोर धरला आणि डोक्याला हात लावला. खाली पू झाला होता. मूळ संपलं होतं.

“महिन्याभरापूर्वी आणलं असतंत तरी,” त्या म्हणाल्या.

“महिन्याभरापूर्वी मी शिक्के गोळा करत होते,” ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी दात काढला आणि पैसे घेतले नाहीत. फक्त तोंडात कापसाचा बोळा धरायला देताना त्यांनी ठकूला विचारलं, “हा बोळा तरी मी ठेवू ना? की तूच ठेवतेस?” ठकू हसली नाही. जाऊ देण्याआधी त्यांनी डाव्या बाजूला आरसा फिरवला आणि पुन्हा फिरवला. “इथेही खड्डा आहे. छत्तीस नंबर. सगळं ह्याच बाजूने चावत होती ना. अजून मुळाला धक्का नाही, हा वाचेल. पण आता उशीर नको.”

चार दिवसांनी पत्र आलं. दुरुस्ती मान्य. अर्ज मंजूर. दात क्रमांक सेहेचाळीस, मुळाचा उपचार, संपूर्ण खर्च शासनाकडून.

लिफ्टवाल्याने ते वाचलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मग म्हणाला, “फाडू नकोस. मीच फाडणार होतो, पण नको. घेऊन जा त्यांच्याकडे. आणि ठकूलाही ने.”

ह्या वेळी नंबर एकशे चाळीस. ठकूने मांडीवर हात ठेवून वाट बघितली. खिडकीत तेच गृहस्थ होते, तीच पेन्सिल.

“मंजूर झालं की,” ते पत्र बघून म्हणाले, आणि खरंच त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. “आता काय अडचण?”

“ह्या नंबरचा दात आता नाही. हीच मंजुरी छत्तीस नंबरला द्या.”

“तसं होत नाही, बाई. मंजुरी दाताच्या नंबरवर असते. दुसऱ्या दाताला नवीन अर्ज.” त्यांनी खालच्या खणातून कोरा कागद काढला. “दाखले मात्र वर्षभर चालतील. ते पुन्हा नकोत.”

दोन महिन्यांत ह्या खिडकीतून मिळालेली ही पहिली चांगली बातमी. तिने पेन घेतलं. उत्पन्नाच्या ओळीत दाखल्यांवरचा आकडा उतरवला, जसाच्या तसा, शेवटच्या अंकापर्यंत. हात पुढे सरकायला बघत होता. तिने सरकू दिला नाही.

मग ती ओळ आली. त्रासाचं प्रमाण.

तिने ठकूकडे बघितलं. ठकूचे ओठ आधीच त्या शब्दासाठी जुळायला लागले होते.

“थांब,” ती म्हणाली. “थोडंसं म्हणू नकोस. जेवढं आहे तेवढं सांग. कमी नाही आणि जास्तही नाही. आम्ही भांडणार नाही.”

ठकूने छताकडे बघून विचार केला, गणिताचं उत्तर द्यायचं असतं तसा.

“गरम खाल्लं तर काही नाही,” ती म्हणाली. “गोड खाल्लं की दुखतं. गार पाणी लागलं की खूप दुखतं, कानापर्यंत. म्हणून मी शाळेत पाणी पीत नाही.”

“अजिबात?”

“घरी आल्यावर पिते. कोमट करून.”

तिला हे ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी पोरगी गॅसवर भांडं ठेवायची, आणि तिला वाटायचं, नवीनच काहीतरी खूळ. तिने पेन दाबून ‘तीव्र’वर खूण केली. इतकी दाबून, की ती मागच्या पानावर उमटली.

गृहस्थांनी कागद घेतला, ओळीवरून बोट फिरवत आले आणि तिथे थांबले. “बाई, मागच्या अर्जात सौम्य लिहिलं होतंत. आता एकदम तीव्र. वरचे मला विचारतील.”

मागच्या वेळेसारखे तिचे कान तापले. पण ह्या वेळी तिने मान खाली घातली नाही. तिने ठकूला पुढे ओढलं.

“ठकू, तोंड उघड.”

ठकूने टाचा उंचावल्या, हनुवटी खिडकीच्या फळीवर टेकवली आणि आ केला. खालच्या उजव्या बाजूला अजून न भरलेलं लालसर भोक होतं. मागच्या खुर्च्यांवरचे दोघं बघायला वाकले.

“ते बघा,” ती म्हणाली. “ते सौम्य होतं.”

गृहस्थ बघत राहिले. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढून खाली ठेवली आणि तातडीचा शिक्का शोधायला खण उघडला.